न कापलेली चीर

नवरेसाहेबांनी टेबलावर दोन बोर्ड शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही हिरवे, तळहाताएवढे. एक कोरा होता, आमच्याच शिल्लक मालातला. दुसऱ्याचा मधला भाग जळून काळा झाला होता आणि त्याला करपलेल्या दुधासारखा वास येत होता.

"चीर कुठंय?" साहेबांनी विचारलं.

मी आणि गायधनी काका टेबलापाशी उभे होतो. काकांनी कोरा बोर्ड उचलला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि अंगठ्यानं मधून चाचपून पाहिला. अंगठा सरळ पलीकडे गेला. कुठंच अडला नाही.

"नाहीये," ते म्हणाले.

"नाहीये हे मलाही दिसतंय, गायधनी. का नाहीये?"

ही जानेवारी दोन हजार दहामधली गोष्ट. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. नवरेसाहेब मालक. आम्ही सर्किट बोर्ड करून द्यायचो, म्हणजे टीव्हीपासून पंपापर्यंत कशातही असते ती तांब्याच्या रेघांची हिरवी पाटी. बोर्ड कसा हवा ते गिऱ्हाईक ठरवायचं आणि त्याच्या फाइली पाठवायचं. एका फाइलीत तांब्याच्या रेघा, एकीत भोकं, एकीत वरची पांढरी अक्षरं, एकीत बोर्डाची कड. पण आलेल्या फाइली तशाच्या तशा मशिनला देता येत नाहीत. भोकाच्या आत तांबं चढतं, म्हणून भोक थोडं मोठं करावं लागतं. अक्षर जोडणीच्या जागेवर आलं असेल तर छाटावं लागतं. दोन रेघा फार जवळ असतील तर सरकवाव्या लागतात. हे सगळं करायची एक वेगळी खोली होती आणि त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. काका तिथं सव्वीस वर्षं होते. मी तीन.

जळका बोर्ड दूध थंड ठेवणाऱ्या एका टाकीतला होता. सिन्नर तालुक्यातल्या एका गावच्या संकलन केंद्रावर ती स्टीलची टाकी बसवून महिनाच झाला होता. त्या बोर्डाच्या एका बाजूला भिंतीतली दोनशे तीस व्होल्टची वीज येत होती आणि दुसऱ्या बाजूला माणूस हात लावतो ती बटणं होती. अशा बोर्डात या दोन बाजूंच्या मधे आरपार चीर कापतात. ओल आली, धूळ बसली तरी वीज ती फट ओलांडून पलीकडे जाऊ नये म्हणून.

आमच्या बोर्डात चीर नव्हती. टाकी रोज धुतली जायची. पाणी आणि दुधाचे शिंतोडे डब्यात गेले, बोर्डावर बसले आणि वीज त्यांच्यावरून चालत पलीकडे गेली. टाकीची अर्थिंगची तार कुणीतरी बसवताना जोडलीच नव्हती. हिराबाई सांगळे नावाची बाई सकाळी अनवाणी, हातात पाण्याचा पाइप घेऊन टाकी धूत होती. तिचा दुसरा हात टाकीवर होता.

"तिला चौदा वर्षांची मुलगी आहे," साहेब म्हणाले. ते ओरडत नव्हते, आणि ते ओरडत नाहीत याचीच मला भीती वाटत होती. "टाकीवाल्यांनी मूळ फाइल पाठवली आहे. त्यात चीर आहे. आपल्याकडून गेलेल्या बोर्डात नाही. मधे काय झालं ते मला कळलं पाहिजे."

मधे काय झालं होतं ते मला कळलं होतं. दोन बोर्ड टेबलावर ठेवले त्याच क्षणी.

थोडं मागं जाऊन सांगते.

मी मूळची धुळ्याची. डिप्लोमा करून नाशिकला आले तेव्हा फाइल म्हणजे काय हेही मला धड माहीत नव्हतं. काकांनी शिकवलं. ते संगणक येण्याआधीपासूनचे. काचेच्या टेबलाखाली दिवा लावून, पारदर्शक फिल्मवर काळी चिकटपट्टी डकवून त्यांनी बोर्ड केले होते. ते शिकवायचे कमी, विचारायचे जास्त. "ही रेघ इथंच का वळली असेल, सांग." मी काहीतरी उत्तर द्यायची. ते म्हणायचे, "तुला माहीत नाही आणि मलाही नाही. ज्यानं काढली त्याला विचारू." आणि लगेच फोन उचलायचे. "नमस्कार, नाशिकहून गायधनी बोलतोय. तुमच्या बोर्डावर डाव्या अंगाला एक बारीक रेघ आहे. ती ठेवू का काढू?" दिवसातून पाचसहा फोन. पुण्या-बंगळुरूची माणसं त्यांना आवाजावरून ओळखायची, काही हसायची. काका म्हणायचे, "हसू देत. उद्या बोर्ड परत आला की रडण्यापेक्षा बरं."

दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की काकांना दिसत नाही.

सुरुवातीला ते पडद्याच्या फार जवळ जायला लागले. मग मला हाक मारायला लागले. "सुनेत्रा, जरा बघ गं, या दोन रेघा चिकटल्यात का?" मग एकदा दारातल्या खुर्चीला अडखळले. ती खुर्ची सहा महिने तिथंच होती. मी त्यांना काही विचारलं नाही. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता तेच म्हणाले, "काचबिंदू आहे. बाजूचं गेलंय. समोरचं आहे अजून. गेलेलं परत येत नाही म्हणे." आणि लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली. "साहेबांना सांगू नकोस. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. तेवढी निघतील."

मी कुणाला सांगितलं नाही. त्याऐवजी मी स्क्रिप्ट लिहायला घेतली.

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकदाच लिहून दिलेल्या सूचना. इतकी भोकं एवढ्यानं मोठी कर, अमुक अंतराच्या आतली अक्षरं छाट, तमुक रेघ जाड कर. मी ते सुट्टीच्या दिवशी बसून शिकले. काकांना ज्याला तीन तास लागायचे ते पाच मिनिटांत व्हायला लागलं. आणि डोळ्यांनी बघायचं कामच उरलं नाही. मला वाटलं, मी काकांची दोन वर्षं काढून दिली.

खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या खोलीत आणून दाखवायचे. "आमच्या सुनेत्रानं केलंय. बटण दाबा आणि चहा पिऊन या." मला ते फार आवडायचं. मी रोज स्क्रिप्टमध्ये काहीतरी नवं घालायची.

अपघाताच्या आधीच्या ऑगस्टमध्ये एका गिऱ्हाइकाच्या फाइलीत, बोर्डाच्या कडेच्या नकाशात, केसाएवढ्या बारीक रेघा राहून गेल्या होत्या. नुसता कचरा. कापणाऱ्या मशिननं त्या खऱ्या मानून साठ बोर्ड मधून चिरले. साहेब चिडले. मी म्हटलं, परत होणार नाही. आणि स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली. कडेच्या नकाशात, बोर्डाच्या आत, ठरावीक जाडीहून बारीक रेघ दिसली तर पुसून टाक.

काकांना मी दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "पुसायच्या आधी फोन नको करायला?"

"काका, दर वेळी कुणाकुणाला फोन करणार? मी वीस जुने जॉब लावून बघितले. सगळ्यांत कचराच निघाला."

"तू बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग ठीक," ते म्हणाले. त्यांनी फोनवरचा हात काढून घेतला.

प्रत्येक जॉबच्या कागदावर शेवटी 'तपासले' असा एक रकाना असायचा. तिथं सही काकांची असायची. टाकीवाल्यांचा जॉब ऑक्टोबरमध्ये आला. त्यांच्या नव्या माणसानं चीर कडेच्या नकाशात एका बारीक रेघेनं दाखवली होती. स्क्रिप्टनं ती पुसली. मी बटण दाबून चहाला गेले होते. काकांनी सही केली.

साहेबांच्या केबिनमध्ये हे सगळं माझ्या डोक्यात एका झपाट्यात येऊन गेलं. माझ्या जिभेवर शब्द आले होते. 'साहेब, स्क्रिप्टमध्ये मी एक ओळ...' इथपर्यंत.

"स्क्रिप्टनं केलं का हे?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," काका म्हणाले.

मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर, साहेबांच्या खांद्याच्या थोडं बाजूला बघत होते. साहेब नेमके कुठं आहेत ते त्यांना दिसत नव्हतं.

"हा जॉब मी हातानं केला होता. जुन्या पद्धतीनं. चीर माझ्या हातून पुसली गेली आणि तपासताना सुटली."

"हातानं? सगळं स्क्रिप्टवर चाललेलं असताना हातानं का?"

"सवय, साहेब. मधूनमधून करतो."

साहेबांनी जळका बोर्ड बाजूला सारला. मग त्यांनी मला विचारलं, "सुनेत्रा, असंच आहे?"

तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. हे मी कारण म्हणून सांगत नाही. पंचवीस वर्षांच्या माणसाला खरं आणि खोटं कळतं. मला एवढंच आठवतं की खिडकीबाहेर कुणीतरी टेम्पो मागं घेत होतं आणि त्याची टूं टूं थांबत नव्हती. ती थांबली की बोलू, असं मी ठरवलं होतं. ती थांबली, तोवर साहेब उठले होते. माझ्या गप्प राहण्याला त्यांनी होकार धरलं होतं.

खोलीत आल्यावर मी दार लावलं. "काका, तुम्ही असं का केलंत?"

"बस आधी."

"मी जाऊन सांगते."

"काय सांगशील? गायधनीला दिसत नव्हतं आणि तरी तो सही करत होता, हेही सांगशील ना? मग ते सांग. पण तेच खरं असेल तर दोष कुणाचा होतो?" ते खुर्ची चाचपून बसले. "अगं, सही म्हणजे काय? मी बघितलं, असं लिहून देणं. मी बघितलं नव्हतं. मला दिसतच नव्हतं. मी साहेबांना खोटं काय सांगितलं?"

"हातानं केलं म्हणालात."

"तेवढं एक खोटं. ते माझं मला राहू दे."

मी रडायला लागले. काकांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "आता डोळे पूस. ती ओळ आजच्या आज बदल. रेघ दिसली की थांबायचं आणि विचारायचं. आणि ऑगस्टपासूनचे सगळे जॉब काढ. अजून कुठं कुठं पुसलंय ते बघायचंय."

टाकीवाल्यांनी त्या खेपेतले बाकीचे बोर्ड केंद्रांवरून काढून आणले होते. पण आमचे बाकीचे जॉब होते. तीनशे सव्वीस. तीन दिवस मी एकेक फाइल उघडून मूळ आणि बदललेली शेजारी लावून काय पुसलंय ते मोठ्यानं सांगत होते. काका शेजारी बसून नुसते ऐकायचे. "कचरा. कचरा. काही नाही. कचरा." तिसऱ्या दिवशी दुपारी मी थांबले. इस्त्र्या बनवणाऱ्या एका कारखान्याचा बोर्ड होता. तिथंही चीर पुसली होती. काकांनी लगेच फोन उचलला. "नमस्कार, नाशिकहून गायधनी बोलतोय. माझ्या हातून चूक झाली आहे." तो माल अजून त्यांच्या गोदामातच होता. तिथं कुणाला काही झालं नाही.

चौथ्या दिवशी काकांनी राजीनामा दिला.

त्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "मला सांगळेंकडे जायचंय. तू चल. मला बसची पाटी वाचता येत नाही."

आम्ही सिन्नरच्या बसनं गेलो, तिथून दुसरी बस. गावात उतरल्यावर मी काकांचा हात धरला. घर पत्र्याचं होतं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. हिराबाईचा नवरा दगडू सांगळे गवंडीकाम करायचा. पन्नाशीला आलेला, उंच, हातांची कातडी सिमेंटनं फाटलेली. तो ओट्यावर बसला होता. दारात मुलगी उभी होती, शाळेच्या निळ्या स्कर्टमध्ये. शाळेत ती गेली नव्हती, पण कपडे तेच होते.

"कोन आपन?" त्यानं विचारलं.

"मी गायधनी. नाशिकहून आलो. टाकीतला बोर्ड आमच्या कारखान्यात झाला होता."

तो उठला नाही. "कंपनीनं पाठवलं?"

"नाही. मीच आलो. त्या बोर्डात एक चीर कापायची होती. ती राहिली. ते बघायचं काम माझं होतं."

"मंग?"

"मी बघितलं नाही."

दगडूनं मान वर केली. "का नाय बघितलं?"

मला वाटलं, आता काका डोळ्यांचं सांगतील. एवढं तरी सांगतील. सांगितलं असतं तर त्या माणसाच्या मनात कुठंतरी दया आली असती. काकांनी सांगितलं नाही. ते म्हणाले, "त्याला उत्तर नाही."

"तिच्या हातात पाइप व्हता," दगडू म्हणाला. "पानी चालूच व्हतं. मानसं यायच्या आदी सगळं केंद्र पान्यानं भरलं. कुनी आत जाईना. म्या गेलो तवा लाइट बंद केली कुनीतरी." त्यानं काकांकडे बोट केलं. "आन तुमी बघितलं नाय."

"नाही."

"निघा इथून."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिनं काकांना विचारलं, "या कोण?"

"माझ्याबरोबर काम करतात. मला वाट दाखवायला आल्यात."

तिनं अजून थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पायांकडे बघत राहिले. मी तोंड उघडलं नाही. केबिनमध्ये टेम्पोचं निमित्त होतं. इथं अंगणात कसलाच आवाज नव्हता.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले होते. सिन्नर आलं. मग मीच म्हटलं, "डोळ्यांचं सांगायला हवं होतं तुम्ही."

"त्या माणसानं आपलं दुःख बाजूला ठेवून माझ्या डोळ्यांचं वाईट वाटून घ्यायचं? बरं दिसतं का ते?"

पुढचं सांगायला फार नाही. खोली माझ्याकडे आली. दोन वर्षांनी मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत गेले. तिथं मी अशाच स्क्रिप्ट लिहायची, माझ्या हाताखाली आठ माणसं होती. मी त्या सगळ्यांना शिकवलं की विचारल्याशिवाय काही पुसायचं नाही. का, ते कधी सांगितलं नाही. लग्न झालं, मुलगा झाला. सुरुवातीला दर दिवाळीला मी काकांकडे जायची. त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. आवाजावरून ओळखून म्हणायचे, "सुनेत्रा, आता कुठला बोर्ड करतेस?" आम्ही तासभर बोर्डांबद्दल बोलायचो. दुसरं काही नाही. मग माझं जाणं वर्षाआड झालं. मग फोनवर आलं.

काका दोन हजार तेवीसच्या भाद्रपदात गेले. दहाव्या दिवशी मी नाशिकला गेले. निर्मलाकाकू पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"तुझी आठवण काढायचे," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "सुनेत्रा, तू त्यांच्याबरोबर होतीस म्हणून विचारते. एवढा काटेकोर माणूस. भाजी निवडायला दिली तरी काडी काडी चाचपून बघायचे. त्यांच्या हातून असं कसं झालं गं?"

मी त्यांच्या हातातल्या माझ्या हाताकडे बघत राहिले.

"दर वर्षी जायचे तिकडे. त्या बाईच्या दिवशी."

"कुठं?"

"त्या गावाला. पौषात. मीच न्यायची हात धरून. मला पारावर बसवायचे आणि घरापर्यंत काठीनं एकटे जायचे. पाऊण तासानं परत. तिथं काय करता विचारलं तर म्हणायचे, हजेरी लावून आलो." काकूंनी पदरानं डोळे टिपले. "यंदा कोण जाणार आता?"

तेरा वर्षं. तेरा वर्षं आंधळा माणूस दोन बस बदलून त्या अंगणात जात होता आणि मी दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन बोर्डांच्या गप्पा मारून येत होते.

काकूंना मी सगळं सांगणार होते. पण आधी तिथं जायला हवं होतं. त्या वर्षी पौषात मी एकटी गेले.

घराला आता विटांच्या भिंती होत्या. अंगणात एक तरुण बाई पोराला तेल लावत बसली होती. मी फाटकाशी थांबले. तिनं मान वर केली आणि मला ओळखलं. हीच ती निळ्या स्कर्टमधली मुलगी; मी तिला ओळखलं नसतं.

"तुम्ही त्या म्हाताऱ्या बाबांबरोबर आला होता," ती म्हणाली. "पहिल्यांदा आले तेव्हा."

"हो. तुमचं नाव..."

"कावेरी. बाबा नाही आले? आप्पा सकाळपासून दोनदा विचारून गेले."

"ते गेले. भाद्रपदात."

तिचा हात पोराच्या पाठीवर तसाच राहिला. मग ती म्हणाली, "या, आत या."

मी अंगणातच बसले. तिनं पोराला मांडीवर घेतलं. "पहिली चार वर्षं आप्पा त्यांच्याशी बोललेच नाहीत. ते यायचे, दाराशी उभे राहायचे, नमस्कार करून जायचे. पाचव्या वर्षी आप्पांनी शिव्या घातल्या. गल्ली गोळा झाली होती. बाबा खाली मान घालून ऐकत राहिले. आम्हाला वाटलं आता नाही येणार. पुढच्या वर्षी परत हजर. मग आप्पा खाट टाकायला लागले. दोघं बसायचे. बोलायचे काहीच नाहीत." तिनं पोराचे पाय सारखे केले. "मला राग यायचा त्यांचा. मी मोठी झाल्यावरही. वाटायचं, माझ्या आईला मारलं आणि वर दर वर्षी तोंड दाखवायला येतो. एकदा मी त्यांच्या तोंडावर तसं बोलले. तेव्हा म्हणाले, बरोबर आहे तुझं."

मी तिच्याकडे वळून बसले.

"कावेरी, ते त्यांच्या हातून झालं नव्हतं."

ती बघत राहिली.

"ती चीर मी पुसली. संगणकावर मी एक काम लिहून ठेवलं होतं, त्यानं पुसली. त्यांना त्या वेळीच नीट दिसत नव्हतं, म्हणून ते माझ्यावर विसंबले होते. आणि त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं. त्या दिवशी मी इथं, याच अंगणात उभी होते. मी बोलले नाही."

मी एका दमात, जवळजवळ पुटपुटत बोलून टाकलं. कावेरीनं पोराच्या अंगावर टॉवेल गुंडाळला. तिचा चेहरा मला वाचता येत नव्हता. ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती.

"हे तुम्ही मला नका सांगू," ती म्हणाली. "आप्पांना सांगा."

तिनं आत हाक मारली. तीन वेळा मारावी लागली. दगडू सांगळे भिंतीला धरून बाहेर आला. तो उंच माणूस आता कमरेत वाकला होता. खाट टाकलेलीच होती, तिच्यावर तो बसला आणि शेजारची जागा रिकामी ठेवली.

"मोठ्यानं सांगा," कावेरी म्हणाली. "त्यांना ऐकू कमी येतं."

मी उभी राहिले. चौदा वर्षं मी जे मनातसुद्धा हळू आवाजात बोलले होते ते मला ओरडून सांगावं लागलं. गायधनी वारले म्हणून. चूक त्यांची नव्हती म्हणून. माझी होती म्हणून. शेजारच्या घरातून दोन बाया दाराशी आल्या. रस्त्यानं जाणारा एक माणूस सायकल थांबवून उभा राहिला. मी वाक्य अर्धवट सोडलं की म्हातारा "आं?" म्हणायचा आणि मला ते पहिल्यापासून सांगावं लागायचं. 'मी पुसली' हे मी चार वेळा ओरडले असेन.

सगळं कळल्यावर तो शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. त्यानं मला शिवी दिली नाही. निघा असंही म्हटलं नाही.

"त्याची चूक नव्हती?"

"नाही."

"मंग तो कशाला येत व्हता?"

कावेरी माझ्याकडे बघत होती. दाराशी उभ्या बायाही बघत होत्या.

"माझ्याऐवजी," मी म्हटलं.

"काय?" त्यानं कानामागं हात धरला आणि पुढं वाकला.

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.